अध्यक्ष बदलले तरी टिकणारी मैत्री

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. त्याच्या बातम्या पाहून जपानमधल्या एका छोट्या शहरातल्या क्लबने आमच्या क्लबला पत्र लिहिले. तुमची माणसे सुखरूप आहेत ना, आमच्याकडून काय हवे ते कळवा, एवढाच मजकूर होता. आठ दिवसांनी त्यांनी दुसरे पत्र लिहिले. आम्ही दोन्ही पत्रे वाचली ती दिवाळीच्या तोंडावर. ती गेली होती दोन वर्षांपूर्वीच्या सेक्रेटरींच्या खासगी ई-मेलवर. ते बदली होऊन नागपूरला गेले होते आणि तो पत्ता त्यांनी बघायचा सोडला होता. त्या दिवसांत आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. पाण्याने वेढलेल्या गावांना भाकरी, पाणी, पांघरुणे पोहोचवत होतो. पण ज्यांच्याशी आम्ही क्लबच्या झेंड्यांची अदलाबदल केली होती, ज्यांच्या मांडीला मांडी लावून जेवलो होतो, त्यांची काळजी दोन-अडीच महिने उत्तराविना पडून राहिली. त्याची लाज मला अजून वाटते, आणि परदेशातल्या क्लबशी मैत्री जोडू पाहणाऱ्या प्रत्येक क्लबला मी पहिल्यांदा हीच गोष्ट सांगतो.

चूक त्या सेक्रेटरींची नव्हती. रोटरी असो वा लायन्स, आपले वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. पदग्रहण समारंभात नवा अध्यक्ष येतो, नवी कार्यकारिणी येते, नवे बोधवाक्य येते. स्थानिक कामांना हे चक्र मानवते. रक्तदान शिबिर, शाळेला बाक, ओढ्यावरचा बंधारा ही कामे वर्षात उरकतात. मैत्री वर्षात उरकत नाही. दोन क्लबांना एकमेकांची नावे नीट उच्चारता येईपर्यंतच आठ-दहा महिने जातात. ज्या अध्यक्षाने जीव ओतून ओळख वाढवलेली असते तो जूनमध्ये निरोपाचे भाषण करतो, आणि जुलैत आलेल्याला आपल्या वर्षात नवा देश, नवा करार हवा असतो. म्हणून अनेक क्लबांच्या सभागृहात वीस-वीस परदेशी झेंडे लटकलेले दिसतात आणि त्यांतल्या एकाही क्लबमधल्या माणसाचा फोन नंबर कोणाकडे नसतो.

तेव्हा परदेशात मित्र शोधण्याआधी घरची व्यवस्था लावा. तीन जणांचा एक गट नेमा. तिघांची मुदत तीन-तीन वर्षांची ठेवा, पण अशी की दरवर्षी एकच जण बदलेल. अध्यक्ष या गटात नसला तरी चालेल. किंबहुना नसलेला बरा, त्याला बाकीची कामे पुष्कळ असतात. तिघांपैकी एक तरी चाळिशीच्या आतला असावा, आणि एक असा असावा की ज्याला पत्र लिहायला मनापासून आवडते. इंग्रजी फर्डे हवे असे नाही. मी पाहिलेल्या उत्तम पत्रलेखकांपैकी एक जण शेतीची औजारे विकतात आणि त्यांची वाक्ये पाच-सहा शब्दांची असतात. जपानी आणि जर्मन मित्रांना ती लगेच समजतात, कारण इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नाही.

क्लबच्या नावाचा एक कायमचा ई-मेल पत्ता काढा. त्याचा पासवर्ड तिघांकडे असू द्या, आणि परदेशी मित्राला हाच पत्ता द्या. व्हॉट्सॲपचा गट जरूर करा, गप्पांसाठी तो फार छान. पण तिथली माहिती वाहून जाते. म्हणून एक वही ठेवा. आमच्या वहीत क्लबच्या सभेचा वार आणि वेळ आहे, प्रत्येक माणसाचे नाव देवनागरीत उच्चारासकट आहे, कोण काय खात नाही ते आहे, कोण कोणाच्या घरी राहिले ते आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण कोणता शब्द दिला आणि तो पाळला की नाही, याचे एक वेगळे पान आहे. समोरच्या क्लबमधले गृहस्थ वारले तर त्यांच्या पत्नीला दरवर्षी त्या दिवशी दोन ओळी लिहाव्यात हे वहीमुळेच सुचते.

आता मित्र कुठे शोधायचा. इथे मी आग्रहाने सांगेन की नकाशावर बोट ठेवून देश निवडू नका. आपल्या क्लबचे धागे आधीच कुठवर पोहोचले आहेत ते पाहा. आज महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक क्लबमध्ये असे दोन-तीन ज्येष्ठ सदस्य असतात ज्यांची मुले अमेरिकेत, जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात आहेत. नातवंडांसाठी ते तिथे चार-सहा महिने राहतात, आणि त्यांचे दिवस बरेचदा घरात बसून जातात. रोटरीची जुनी रीत अशी की कोणत्याही देशातल्या क्लबच्या सभेला दुसऱ्या क्लबचा सदस्य पाहुणा म्हणून जाऊ शकतो. जाण्यापूर्वी त्या गावातला क्लब शोधून सेक्रेटरींना दोन ओळी लिहा आणि सभेची जागा, वेळ विचारून घ्या. मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर एकदा जाऊन झेंडा देऊन परत येऊ नका. दर आठवड्याला जा, त्यांच्या कामात हात लावा, अन्नवाटप असेल तर खोकी उचला. असा एक सदस्य सहा महिन्यांत जे नाते जोडतो ते दहा अधिकृत पत्रांना जमत नाही. आमच्या माहितीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मुलाच्या गावी लहान मुलांना गणित शिकवले आणि त्यातूनच तिथला क्लब आमच्या भागातल्या एका शाळेशी जोडला गेला.

मराठी माणसांच्या जुन्या वस्त्या हाही एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. मॉरिशसमध्ये रोटरी आणि लायन्स दोन्ही आहेत. रायगड जिल्ह्यातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल ज्यू कुटुंबांची गावांशी असलेली ओढ अलिबाग-रेवदंड्याकडच्या लोकांना सांगायला नको. पण एक सांभाळा. समोरच्या क्लबमधल्या मराठी माणसांपुरती मैत्री ठेवू नका, नाहीतर ते स्नेहसंमेलन होते. त्या धाग्याला धरून आत जायचे आणि मग तिथल्या इतरांना भेटायचे.

देश निवडताना घड्याळाकडे मात्र जरूर बघा. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट मैत्री तारते किंवा मारते. आपल्या क्लबची सभा बहुधा संध्याकाळी साडेसातला असते. त्या वेळी मॉरिशसमध्ये सहा वाजलेले असतात, ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे तीन आणि हिवाळ्यात दोन, आणि जपानमध्ये रात्रीचे अकरा. जपानी मित्रांना साडेसातच्या ऑनलाइन सभेला बोलावणे म्हणजे त्यांना झोपेतून उठवणे. पण तिथले बहुतेक क्लब दुपारी साडेबाराला जेवणाच्या वेळी भरतात. तेव्हा आपल्याकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात, दुकान उघडण्यापूर्वी तास-दीड तास मिळतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अनेक क्लब सकाळी सातला न्याहारीला जमतात. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार, आणि त्यांचा हिवाळा सुरू झाला की साडेपाच. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ब्रिटन-अमेरिकेतले लोक घड्याळ बदलतात, आपण बदलत नाही. त्या आठवड्यांत वेळ दोनदा विचारून घ्या.

पहिल्या पत्राबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण तिथेच सर्वाधिक मैत्र्या उगवण्याआधी करपतात. आपल्याकडून परदेशी क्लबांना जाणारी बरीच पहिली पत्रे मागणीची असतात: आमच्या तालुक्यात डायलिसिस यंत्र हवे आहे, आपण भागीदार व्हा. शेकडो क्लबांना एकच मजकूर पाठवला जातो. अशी सामूहिक मागणीपत्रे रोटरीच्या धोरणात बसत नाहीत हा भाग वेगळा. मुळात असे पत्र वाचणाऱ्याला आपण कोण आहोत हे कळतच नाही, आपल्याला काय हवे तेवढे कळते. रोटरीची सुरुवात आठवा. १९०५ च्या फेब्रुवारीत शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन ओळखीच्यांना जमवले ते मोठ्या शहरात आपलेपणा हवा म्हणून. एकमेकांच्या कचेरीत आळीपाळीने भेटत, म्हणून नाव रोटरी पडले. सेवेची कामे त्या मैत्रीतून पुढे निघाली. १९१० मध्ये कॅनडातल्या विनिपेगला क्लब निघाला आणि रोटरी देशाबाहेर गेली. १९१९ मध्ये कोलकात्याला, १९२९ मध्ये मुंबईला ती पोहोचली. आधी माणूस आणि मग काम, हा क्रम त्या चार जणांनीच घालून दिला आहे.

तेव्हा पहिले पत्र एका क्लबला, एका माणसाच्या नावाने लिहा. तुमचे गाव कसे आहे ते दिसू द्या: नदी कोणती, पीक कोणते, बाजार कोणत्या वारी भरतो, क्लबमध्ये किती जण आणि ते पोटासाठी काय करतात. त्यांच्या गावाबद्दल तुम्ही काय वाचले आणि त्यांनाच का लिहावेसे वाटले ते खरे खरे सांगा. एक प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर देणे सोपे असेल. सोबत एकच छायाचित्र जोडा, आणि त्यात व्यासपीठावरचे पाहुणे नकोत, सदस्य काम करताना दिसोत. पैशाचा उल्लेख नको. जपान, कोरिया, तैवान, ब्राझील अशा ठिकाणी पत्र पाठवताना फोनवरच्या भाषांतराने त्यांच्या भाषेतली प्रत खाली जोडा आणि हे यंत्राचे भाषांतर आहे असे लिहा. चुका होतील, पण आपण त्यांच्या दारापर्यंत गेलो हे त्यांना जाणवते. महिनाभर उत्तर आले नाही तर एकदा आठवण करा. तरीही आले नाही तर मनात काही न ठेवता दुसऱ्या क्लबला लिहा. त्यांच्याकडेही सेक्रेटरी बदललेले असू शकतात.

पहिल्या वर्षी पैसा मधे आणूच नका. या सल्ल्यावर माझे अनेक मित्र नाराज होतात. प्रकल्पाशिवाय सदस्यांचा उत्साह टिकत नाही असे त्यांचे म्हणणे. माझा अनुभव वेगळा आहे. दोन महिन्यांतून एकदा अर्ध्या तासाची एकत्र सभा, त्यात भाषण नाही, दोन्हीकडचा एकेक सदस्य आपल्या व्यवसायाबद्दल दहा मिनिटे बोलतो. आमच्याकडच्या गुऱ्हाळमालकांनी फोन घेऊन काहिलीभोवती फिरत गूळ कसा होतो ते दाखवले तेव्हा पलीकडे चाळीस माणसे खुर्च्या पुढे सरकवून बघत होती. जपानी क्लब सभेच्या सुरुवातीला मिळून गाणे म्हणतात, आणि एक पेटी फिरवतात. घरात आनंदाचे काही घडले की सदस्य तीत पैसे टाकून ती बातमी सांगतो. त्या पैशांतून सेवेची कामे होतात. आम्ही त्या पेटीची रीत उचलली. नातू झाला, मुलगी परीक्षा पास झाली, विहिरीला पाणी लागले, अशा बातम्या आता आमच्या सभेत सांगितल्या जातात आणि दर महिन्याला त्यांतली एक आम्ही त्यांना कळवतो. मुलांना यात ओढा. लायन्सची शांतता पोस्टर स्पर्धा १९८८ पासून चालू आहे, ११ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी. स्पर्धेत न बसणारी चित्रेही दोन शाळांनी एकमेकींकडे पाठवायला काय हरकत आहे? टपालाने पाठवा. मुलांना लिफाफ्यावरची तिकिटे बघू द्या.

वर्षभर असे चालले तरच सिस्टर क्लबचा किंवा जुळ्या क्लबचा करार करा. रोटरीत आणि लायन्समध्ये दोन्हीकडे त्याची सोय आहे. करारात मुदत लिहा, तीन वर्षांची पुरे. आणि पुढच्या दोन वर्षांच्या नियोजित अध्यक्षांच्याही सह्या घ्या.

मग येते भेट. रोटरीत फ्रेंडशिप एक्स्चेंज नावाची व्यवस्था आहे. दोन प्रांतांतले सदस्य, हवे तर कुटुंबासह, एकमेकांच्या घरी राहतात आणि प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो. प्रांतपालांच्या चमूत या कामाचे प्रमुख असतात, त्यांना गाठा. पाहुण्यांना हॉटेलात ठेवण्याचा मोह होतो, घर लहान आहे असे वाटते. घरीच ठेवा. स्वच्छ न्हाणीघर, कोरडे टॉवेल, पिण्याचे उकळलेले किंवा बाटलीचे पाणी आणि दार लावता येईल अशी खोली, एवढे असले की घर पुरेसे मोठे असते. पाहुणे येण्याआधी त्या घरातल्या बाईंना विचारल्याशिवाय यजमान ठरवू नका. आपल्याकडे सदस्य सभेत हात वर करतो आणि सगळे काम घरातल्या दुसऱ्या माणसावर पडते.

परदेशी नागरिक तुमच्या घरी राहणार असेल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करणे यजमानावर बंधनकारक आहे. सी फॉर्म म्हणून लोक ती ओळखतात. ती फक्त हॉटेलांसाठी आहे असा गैरसमज सर्रास आढळतो. पोलीस ठाण्यात आधीच भेट देऊन माहिती द्या, काम सोपे होते. पाहुण्यांना येताना आरोग्यविमा काढून यायला सांगा, आणि कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, हे लेखी घ्या. उलट बाजूने आपण जाणार असू तर आणखी एक नियम लक्षात ठेवा. क्लबमधले सरकारी कर्मचारी, सरकारी मालकीच्या बँकेतले किंवा महामंडळातले अधिकारी, आमदार आणि राजकीय पक्षांचे पदाधिकारी यांना परदेशी यजमानाचा पाहुणचार घेण्यापूर्वी केंद्र सरकारची परवानगी लागते. विदेशी योगदान नियमन कायद्यात तशी तरतूद आहे. तिकीट काढल्यावर हे कळले तर माणूस फार अडचणीत येतो.

कार्यक्रम आखताना हात आखडता घ्या. आपले प्रेम सत्कारातून व्यक्त होते हे मला मान्य आहे, पण दिवसाला चार ठिकाणी शाल, श्रीफळ आणि फेटा झाल्यावर साठीतल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर थकवा दिसतो आणि त्यांना तो सांगता येत नाही. एक सत्कार पुरे. रोज दुपारी दोन तास रिकामे ठेवा. तिसऱ्या दिवशी काहीच ठेवू नका. त्या दिवशी त्यांना यजमानासोबत मंडईत जाऊ द्या, भाकरी थापायला बसू द्या. आणि त्यांना एक दिवस काम द्या, हाताने करायचे काम. पोलिओच्या लढ्यात हे उत्तम घडले. ब्रिटन, जपान, अमेरिकेतले रोटेरियन स्वखर्चाने भारतात येऊन लसीकरणाच्या दिवशी गल्लीबोळांत फिरले, बाळांच्या तोंडात थेंब घातले, करंगळीवर शाईची खूण केली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात वाइल्ड पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या गल्ल्यांत एकत्र चाललेली माणसे आजही एकमेकांना पत्रे लिहितात. शाळेत किंवा वस्तीत पाहुण्यांना नेताना मात्र मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय काढली जाणार नाहीत हे आधीच सांगा. गरिबी दाखवण्याची सहल होऊ देऊ नका.

प्रकल्पाची वेळ साधारण दुसऱ्या वर्षानंतर येते, आणि तेव्हा गरज कोणी ठरवायची हा पहिला प्रश्न असतो. ती आपण ठरवायची नाही आणि परदेशी मित्रांनीही नाही. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना विचारायचे. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटसाठी हे गरजांचे सर्वेक्षण सक्तीचेच आहे. या ग्रँटमध्ये एक क्लब किंवा प्रांत प्रकल्पाच्या देशातला आणि एक बाहेरचा लागतो, आणि प्रकल्पाचा एकूण खर्च किमान ३०,००० डॉलर असावा लागतो. छोट्या क्लबने पहिल्याच कामाला एवढी उडी घेऊ नये असे मी म्हणेन. लहान काम आधी नीट करा, त्याचा हिशेब पैशापैशाचा पाठवा, सहा महिन्यांनी तिथे काय चालू आहे आणि काय बंद पडले तेही कळवा. बंद पडलेले लपवले की मैत्री संपते.

लहानातून काय उभे राहू शकते ते पाहायचे असेल तर एलएन-४ या कृत्रिम हाताकडे पाहा. कॅलिफोर्नियातल्या एका दाम्पत्याने अपघातात गेलेल्या मुलीच्या स्मरणार्थ हे काम सुरू केले. हा हात हलका आहे, शस्त्रक्रियेशिवाय बसतो, कोपराखाली हाताचा काही भाग शिल्लक असलेल्याला तो लागतो आणि तो फुकट दिला जातो. अनेक देशांत तो रोटरी क्लबांच्या हातांनी पोहोचला. पुण्यातल्या रोटेरियन्सनी त्याची शिबिरे घेतली आहेत. ज्याचा हात कडबाकुट्टीत किंवा उसाच्या चरकात गेला, त्याने त्या हातात पेन धरून आपले नाव लिहिले की बघणाऱ्यांना शब्द सुचत नाहीत. दुसरे उदाहरण हृदयविकार असलेल्या मुलांचे. १९७५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका क्लबने युगांडातल्या पाच वर्षांच्या एका मुलीवर अमेरिकेत शस्त्रक्रिया घडवून आणली. त्या एका मुलीपासून गिफ्ट ऑफ लाइफ हे जगभर पसरलेले काम निघाले.

पैशाच्या बाबतीत आपल्या देशाचा कायदा कडक आहे आणि तो माहीत नसल्यामुळे चांगले क्लब गोत्यात येतात. परदेशी व्यक्तीकडून किंवा क्लबकडून सेवाकार्यासाठी देणगी घ्यायची तर क्लबच्या न्यासाची विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी हवी, किंवा त्या विशिष्ट देणगीसाठी पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी न्यास किमान तीन वर्षे जुना असावा आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत त्याने मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे आमची नोंदणी नाही, शेजारच्या न्यासाच्या खात्यात घेऊ आणि त्यांच्याकडून आपल्याकडे वळवू, ही जुनी वाट बंद आहे. वस्तूही यात येतात. वापरलेल्या खाटा, संगणक, दवाखान्याची यंत्रे कंटेनरने पाठवायला परदेशी मित्र उत्साहाने तयार होतात. होकार देण्यापूर्वी कायदा, सीमाशुल्क आणि त्या यंत्राचे सुटे भाग इथे मिळतात का, हे तिन्ही तपासा. अनिवासी भारतीयांबाबत एक बारकावा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा विदेशी योगदान धरला जात नाही. तिथले नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच भावाने दिलेला मात्र धरला जातो, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी. हे सगळे ज्याला रोजच्या कामातून ठाऊक आहे असा चार्टर्ड अकाउंटंट सुरुवातीलाच सोबत घ्या. आणि अट परदेशी मित्रांना मोकळेपणाने सांगा. नियम समजावून सांगितल्याने कोणी दुरावल्याचे मी पाहिलेले नाही.

मधे गप्प काळ येतातच. त्यांच्याकडे निवडणूक असते, साथ असते, युद्ध असते, आपल्याकडेही असते. दोन देशांत ताण वाढला की क्लबच्या गटात राजकीय मजकूर येऊ लागतो. तो थांबवण्याचे काम त्या तिघांचे. मत कोणाचे काय असायचे ते असो, मित्राला त्याच्या सरकारबद्दल जाब विचारायचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमधले क्लब रोटरीबाहेर पडले, पण अनेक ठिकाणी माणसे भेटत राहिली. क्लबला आठवड्याच्या वाराचे नाव दिले आणि त्या वारी जमत राहिली. १९४९ मध्ये ते क्लब परत आले. आपल्या साध्यासुध्या गप्प काळात एक पोस्टकार्ड टाकायला काही अवघड नाही.

तरुणांना यात पहिल्यापासून घ्या. १५ ते १९ वयाच्या मुलांसाठी रोटरीची यूथ एक्स्चेंज आहे, रोटरॅक्टची मुले परस्पर संपर्क करतात आणि आपल्यापेक्षा पाचपट वेगाने मित्र होतात. परदेशात वर्षभर राहून आलेल्या मुलीला क्लबपासून दूर जाऊ देऊ नका. ती पंचवीस वर्षांची झाली की तिला त्या तिघांत घ्या.

राहिला जून महिना. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही क्लबांचे मावळते आणि येणारे अध्यक्ष, म्हणजे चौघे, अर्धा तास एकत्र बोलतील एवढे मात्र करा. मावळत्याने येणाऱ्याची ओळख करून द्यावी, शब्द दिल्याचे पान वाचून दाखवावे. आम्ही २०२० पासून हे करतो.

१ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या नोटो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. तिथे संध्याकाळचे चार वाजून दहा मिनिटे झाली होती, आपल्याकडे दुपारचे बारा चाळीस. आमचे ते शहर त्याच किनाऱ्याच्या बाजूला आहे. त्या वेळचे अध्यक्ष गोव्याला गेले होते, सेक्रेटरी लग्नात होते. औजारे विकणाऱ्या आमच्या सदस्याने दुकानातूनच, एक वाजायच्या आत, क्लबच्या पत्त्यावरून लिहिले: तुम्ही सगळे ठीक आहात का? आम्ही वाट पाहतो. रात्री नवाच्या सुमारास उत्तर आले. सगळे सुखरूप, दोन घरांची कौले पडली, वीज आहे. खाली बावीस नावे होती, आणि प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण.